सावरीखालची चूल

छाया वरभे टेंभरखेड्याच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाली तेव्हा तिथल्या पोरांसाठी चित्रकला म्हणजे फुलदाणी. कागदाच्या मधोमध फुलदाणी, तिच्यात लाल फुलं, खाली नाव आणि इयत्ता. आख्ख्या गावात एकाच्याही घरी फुलदाणी नव्हती. छायानं त्या सगळ्या फुलदाण्या भिंतीवर चिकटवल्या आणि विचारलं, "यातली कोणती कोणाच्या घरची?" पोरं एकमेकांकडं पाहून हसायला लागली. "मग उद्या घरातली वस्तू पाहून काढून आणा." दुसऱ्या दिवशी फवारणीचे पंप आले, कोंबड्यांची खुराडी आली, एकानं बापाची तंबाखूची डबी काढून आणली, आतल्या चुन्यासकट. त्या दिवसापासून तिचं आणि पोरांचं जमलं.

ती नाचणगावची, शेतकऱ्याची मुलगी. वर्ध्याला राहून चित्रकला शिक्षकाचा कोर्स केला, लग्न होऊन हिंगणघाटला आली. नवरा धनंजय पंपाच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून द्यायचा, त्याचं स्वतःचं दुकान होतं. छायाची नेमणूक अर्धवेळ, दरवर्षी नव्यानं होणारी. वडनेरपर्यंत बस, पुढं जे मिळेल ते. बोलायला तिखट, हसायला मोठी, आणि एकदा मनात घेतलं की कोणाचं ऐकायची नाही. तिची सासू म्हणायची, हिला कान दिलेत ते डूल घालायलाच.

फाल्गुन लागला की तिच्या तासाला उधाण यायचं. पहिली ते चौथीची लेकरं सावरीच्या जाड पाकळ्या कागदावर ठेवून वाटीनं ठेचायची, त्याचे छाप उमटायचे. पाचवी ते आठवीची पोरं शिवारातून पळसाची फुलं वेचून आणायची, ती उकळून रंग काढायची, आणि त्या रंगात जुनी धोतरं, फाटकी लुगडी बुडवून त्यांचे पडदे करायची. धुळवडीच्या आधी शाळेच्या व्हरांड्यात ते केशरी पडदे टांगले जायचे आणि गाव पाहायला यायचं.

फुलं उकळायची ती शाळेच्या स्वयंपाकघरात. त्या वर्षी खिचडी करणाऱ्या यशोदाबाईंनी हात जोडले. "मॅडम, मागच्या साली माया खिचडीच्या गंजाले रंग धरला, आठ दिवस खिचडी भगवी निंगाली. औंदा दुसरीकडं पाहा बाप्पा."

मुख्याध्यापक ओमप्रकाश भोयरही यशोदाबाईंच्या बाजूनं बोलले. मग छायानं ठरवलं, चूल बाहेरच मांडू, नाल्याकाठी. सावली आहे, पाणी आहे, पोरांनाही मजा. भोयर सरांनी मान डोलावली.

नाल्याच्या काठावर एक थोराड काटेसावर होती. पान एक नाही, सगळी फुलांनी लाल. तिच्याखाली पोरांनी दगड मांडले, कपाशीच्या पऱ्हाट्या गोळा केल्या. पाण्यात कपडे भिजत टाकले. तेवढ्यात सहावीतली जया छायाजवळ आली. अंगानं बारीक, कमी बोलणारी, हात मात्र फार चांगला.

"मॅडम, वर मोहोळ हाये. आग्याचं."

छायानं वर पाहिलं. फुलांच्या गर्दीत, उंच फांद्यांच्या बेचक्यांत, भिजलेली पोती लोंबावीत तशी काळी पोळी लोंबत होती.

"लई उंच आहे गं. आपण त्यांच्या वाटेला जात नाही, त्या आपल्या वाटेला येणार नाहीत. चल, फुलं आण."

जयानं पुन्हा एकदा वर पाहिलं. फुलं आणायला गेली.

चूल पेटली. पऱ्हाट्या कोरड्या होत्या, भडकन जाळ झाला. मग एकानं वरून ओली फांदी टाकली आणि दाट पांढरा धूर निघाला. धूर सरळ वर गेला. छाया काठीनं चुलीवरच्या गंजातली फुलं ढवळत होती, पाण्याचा रंग आत्ता कुठं पालटत होता.

आधी आवाज आला. लांब कुठं थ्रेशर सुरू व्हावं तसा. छायाला वाटलं, कोणाचा चना निघतोय. मग पाचवीतला रजत किंचाळला आणि त्यानं स्वतःच्याच कानशिलात थप्पड मारली. दुसरा किंचाळला. छायानं मान वर केली तर झाडाखालचा उजेडच काळवंडला होता.

"पळा! पळा!" ती ओरडली, आणि लगेच कळलं की पळून उपयोग नाही. पुढं पळालेल्या पोरांच्या डोक्यांवर माशा जावळासारख्या बसल्या होत्या. एक मुलगी धावता धावता पडली आणि जमिनीवर लोळत केस उपटायला लागली. दोघं नाल्यात उतरले, पण पाणी घोट्याएवढं. तोंड बुडवलं तर पाठ उघडी.

छायानं पाण्यातलं लुगडं ओढलं, पडलेल्या मुलीवर फेकलं. दुसरं घेतलं, हाताला येतील ती तीन पोरं त्याखाली कोंबली. "खाली बसा! हलू नका! तोंड झाका!" बोलायला तोंड उघडलं की माशी आत. एक जिभेवर डसली. ती थुंकली, पुन्हा ओरडली. पापणीवर, ओठावर, नाकाच्या आत, पदराखाली पाठीवर, जिथं तिथं तापलेल्या सुया टोचल्यासारखं होत होतं. ओढ, झाक, ढकल, एवढंच तिला कळत होतं. एका पोराला तिनं लाथेनं लुगड्याखाली सारलं, कारण हात मोकळा नव्हता.

बाजूच्या शेतात रूपराव चन्याच्या ढिगाजवळ बसला होता. जयाचा आजा. साठी ओलांडलेला, पण अजून स्वतः बैल धरणारा माणूस. आरडाओरडा ऐकून तो ढिगावरची ताडपत्री ओढत धावत आला. अंगात फक्त बनियान आणि धोतर.

"मॅडम, लेकरं इकडं आना! इकडं!"

दोघांनी मिळून ताडपत्री उघडली आणि पोरं मेंढरांसारखी तिच्याखाली लोटली. रूपरावनं कडा दगडांनी दाबल्या. आतून रडण्याचा एकच गलका उठत होता. छायानं गुडघ्यावर बसून कडेनं हात आत घातला आणि डोकी चाचपली.

"रजत कुठाय? रजत!"

रजत सावरीच्या बुंध्याशीच होता. घाबरून त्यानं झाडाला मिठी मारली होती, खोडाचे काटे छातीत रुतले होते, आणि त्याला सोडवत नव्हतं. रूपराव तिकडं गेला. पोराला झाडापासून तोडलं, खाली पाडलं आणि स्वतः त्याच्यावर पालथा पडला. छायानं पाहिलं, रूपरावची पांढरी बनियान काळी होत गेली. तिनं ओलं धोतर घेऊन तिकडं धाव घेतली, पण तोवर तिचे डोळे मिटत आले होते. ती धोतर त्या दोघांवर टाकू शकली की नाही, हे तिला पुढं कधी नक्की सांगता आलं नाही.

गावातली माणसं पेटते टेंभे आणि घोंगड्या घेऊन आली तेव्हा माशा विरळ झाल्या होत्या. पोरं वाचली. सगळी. काही आठवडाभर दवाखान्यात राहिली, एकीला पुढं कितीतरी दिवस नीट ऐकू येत नव्हतं, पण वाचली. रजतच्या अंगावर डंख मोजकेच होते. रूपराव मात्र हिंगणघाटच्या वाटेवर, गाडीतच गेला.

छायाला हे धनंजयनं सांगितलं. ती तालुक्याच्या दवाखान्यात पलंगावर होती, चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला, डोळे पूर्ण बंद, हाताला सलाईन. तिनं विचारलं, "तो म्हातारा?" धनंजयनं तिच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाला, "गेला." छायानं तोंड भिंतीकडं केलं.

तेवढ्यात व्हरांड्यात गलका झाला.

"कुठी हाये थे मॅडम? कुठी हाये?"

रूपरावचा मुलगा अंकुश, जयाचा बाप. नर्स काहीतरी बोलली, तिला ढकलल्याचा आवाज आला, ट्रे खाली पडला. छाया उठून बसली. काही दिसत नव्हतं. तिच्या अंगावर कोणाचा तरी श्वास आला, आणि सुजलेल्या गालावर असा तडाखा बसला की ती पलंगावरून खाली गेली. सलाईनची सुई हातातून फाटून निघाली.

"माया बाप काल बैल आवरत होता जी! बैल! अन तू त्याले माशांच्या तोंडी देलं? कायच्यासाठी? फडके रंगवाले?"

लाथ बसली, बरगडीत. मग धनंजय मधे पडला असावा, कारण दोन माणसं एकमेकांना धरून पलंगावर आदळली. धनंजय ओरडत होता, "सोड तिले! पाह्य तं खरी तिची हालत!" अंकुशनं लोखंडी स्टूल उचललं. ते छायाला दिसलं नाही. तिला ऐकू आला तो फक्त हाड मोडल्याचा आवाज, वाळली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा, आणि त्याच्यामागून नवऱ्याचा कधी न ऐकलेला आवाज. ती फरशीवर चाचपडत त्या आवाजाकडं सरकली. हाताला ओलं आणि कोमट लागलं. तिचं रक्त की त्याचं, कळायला मार्ग नव्हता.

चार माणसांनी अंकुशला धरलं. धरल्यावर तो मारायचं थांबला आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडायला लागला.

धनंजयचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, कान फाटला होता. पोलिसांनी अंकुशला नेलं.

दोन दिवसांनी छायाचा एक डोळा किलकिला झाला तेव्हा भोयर सर आले. खुर्ची अगदी जवळ ओढून बसले.

"मॅडम, चौकशी लागणार. जबाब आधी जुळवून घेऊ. सावर फुलानं भरलेली होती, मोहोळ दिसलं नाही. बस, एवढंच बोला."

"दिसलं होतं सर. जयानं दाखवलं होतं."

भोयर सरांनी दाराकडं पाहिलं. "ती पोरगी कोणापाशी बोलली नाही अजून. तुम्ही कशाला बोलता? तुमची नोकरी जाईल, माझ्यावरही येईल. मेलेला माणूस काही परत येणार आहे का?"

छायानं उत्तर दिलं नाही. भोयर सरांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि ते निघून गेले.

गावानं वाट पाहिली नाही. होळीच्या दिवशी माणसं लांब बांबूंना डिझेलचे बोळे बांधून सावरीखाली गेली. यशोदाबाई दवाखान्यात येऊन सांगत होत्या. "सारं मोहोळ जाळलं मॅडम. मेण पेटून पेटून खाली पडे. माशा लाह्यावानी तडतडत होत्या. रजतचा बाप तं खाली पडलेल्या माशा पायानं चेंगरून राह्यलाता. लेकरंबी पाहात होती." सांगता सांगता त्यांनी स्वतःच पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी शकुबाई आली. रूपरावची बायको. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. ती बसली नाही.

"मी तुले पाहाले नाई आली," ती म्हणाली. "अंकुशवरची केस वापस घे. मले आता थो एकच हाये."

"बसा ना आई."

"बसाले नाई आली."

छाया उठून बसली. बोलताना ओठ अजून नीट जुळत नव्हते. "केस धनंजयची आहे, ती मी नाही काढू शकत. मला विचारलं की मी सांगणार, अंकुशनं मारलं. पण माझंही सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगते. जयानं मला मोहोळ दाखवलं होतं. चूल पेटवायच्या आधी. मी ऐकलं नाही."

शकुबाई पुढं झाली आणि तिनं छायाचे केस धरले. दोन्ही हातांनी, मुळापासून. छायाचं डोकं तिनं असं गदागदा हलवलं की पलंग वाजायला लागला. छायानं हात वर केले नाहीत. धनंजय पलीकडच्या पलंगावरून एका हातानं उठायला धडपडत होता. तिनं त्याला "थांब" म्हटलं.

शकुबाईनं एकदम सोडलं. तिच्या बोटांत केस अडकले होते. ती त्यांच्याकडं पाहत खुर्चीत बसली.

"पोरगी चार दिवस झाले जेवली नाई," ती म्हणाली. "बोलत नाई, झोपत नाई. कोपऱ्यात बसून राह्यते. मले वाटे आज्याचं दुःख हाये. आता समजलं काऊन."

"तिला वाटत असेल तिनं आणखी जोरानं सांगायला पाहिजे होतं," छाया म्हणाली. "तिला सांगा आई, तू सांगितलं होतंस. मॅडमनं ऐकलं नाही. चूक मॅडमची आहे, तुझी नाही. माझ्या नावानं सांगा. मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, म्हणावं."

शकुबाई उठली. दारापाशी वळून म्हणाली, "मी तुले माफ नाई करत."

"नका करू."

त्या रात्री जयानं भाकर खाल्ली, हे छायाला पुढं यशोदाबाईंकडून कळलं.

छायानं जबाब तसाच दिला. मोहोळ दिसलं होतं, मुलीनं सांगितलं होतं, चूल मी पेटवली. ठाण्यातल्या जमादारानं पेन थांबवून विचारलं, "मॅडम, हे लिहू?" ती म्हणाली, "लिहा." तेच तिनं शिक्षणखात्याच्या चौकशीतही सांगितलं. घरी धनंजय भडकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ताट भिरकावलं.

"मी हाड मोडून घेतलं अन तू गावभर सांगत सुटली का चूक आपलीच हाये म्हनून? मग त्यानं मारलं थे बरोबरच झालं म्हना ना!"

"बरोबर नाही झालं. चूल पेटवली ती चूक माझी. स्टूल मारलं ती चूक त्याची. एकीनं दुसरी फिटत नाही."

धनंजय महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. ती रोज त्याच्या खांद्याला तेल लावायची, तो लावून घ्यायचा. मग एक दिवस दुकानातून येताना त्यानं तिच्यासाठी भजी आणली आणि ते तसं तिथंच संपलं.

अंकुश जामिनावर सुटून आला तो थेट कुऱ्हाड घेऊन नाल्यावर गेला. मोहोळ जळालेलं होतं, झाड उभं होतं. दोन दिवस तो एकटा सावरीवर घाव घालत होता. खोडाच्या काट्यांनी तळवे सोलून निघाले, दांडा रक्तानं निसटायला लागला, तेव्हा त्यानं हाताला दुपट्टा गुंडाळला आणि पुन्हा सुरू झाला. कोणी अडवायला गेलं नाही. झाड पडलं ते नाल्यावर आडवं पडलं. अंकुश त्याच्यावर बसला आणि संध्याकाळी शकुबाईनं येऊन त्याला घरी नेलं.

छायाची नेमणूक त्या जूनमध्ये पुन्हा झाली नाही. भोयर सरांना समज मिळाली, तेवढंच. गावात दोन तट पडले. काही जण म्हणायचे, बाईनं म्हातारा मारला. काही म्हणायचे, बाई होती म्हणून पोरं राहिली. दोन्ही बाजूंनी एकदा ग्रामसभेत खुर्च्या फेकल्या. रजतच्या बापाचं डोकं फुटलं, सात टाके पडले.

कोर्टात न्यायाधीशांनी अंकुशला विचारलं तेव्हा तो सरळ म्हणाला, "हो, मारलं. बाईमानसाले मारलं थे चूक झाली. तिच्या नवऱ्याले मारलं थेबी. आनखी काई मले बोलाचं नाई." त्याला दंड झाला आणि चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. बाहेर येताना धनंजय आणि तो एकाच दारात समोरासमोर आले. दोघंही थबकले. मग धनंजय बाजूला सरला आणि अंकुश खाली मान घालून गेला.

छायाला जाम गावातल्या एका खासगी शाळेत काम मिळालं. पुढच्या फाल्गुनात तिनं पळसाचं काम घेतलं. घेऊ की नको, यात दोन आठवडे गेले. मग तिनं पोरांना शिवारात नेलं नाही, फुलं घरूनच आणायला सांगितली, ती बादलीत थंड पाण्यात भिजत घातली आणि गच्चीवर उन्हात ठेवली. रंग फिका आला, हळदीसारखा. पोरांना काही फरक पडला नाही. त्यांनी एकमेकांची तोंडंही रंगवली. तास संपेपर्यंत छाया भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या पाठीतून घामाच्या धारा चालल्या होत्या.

पावसाळा सरता सरता हिंगणघाटच्या एका शाळेत एलिमेंटरी चित्रकला परीक्षेचं केंद्र होतं, आणि तिला पर्यवेक्षक म्हणून बोलावलं होतं. बाकांवर नंबर टाकताना तिला यादीत टेंभरखेड्याच्या शाळेचं नाव दिसलं. पोरं आत यायला लागली. जया आली. उंच झाली होती, वेण्या घट्ट. छायाला पाहून ती दारात थांबली, मग आत येऊन आपल्या बाकावर बसली. पट्टी, खोडरबर, ब्रश एका रेषेत मांडले.

पेपर होता स्मरणचित्राचा. छाया रांगांमधून फिरत होती. जयाच्या बाकामागं तिचं पाऊल आपोआप हळू झालं. जयानं हिंगणघाटचं बसस्टँड काढलं होतं. बसच्या दारात माणसांची झोंबाझोंबी, एकाचा शर्ट दुसऱ्याच्या मुठीत, एका म्हातारीची पिशवी फाटून वांगी घरंगळलेली, आणि खिडकीतून आत घुसणाऱ्या पोराचे फक्त दोन पाय. रेषेत कुठं अडखळ नव्हती. छाया पुढं गेली.

हवा यावी म्हणून ती दाराशी आली तर व्हरांड्याच्या पायरीखाली अंकुश उभा होता. हातात पाण्याची बाटली आणि डबा. दोन्ही तळव्यांवर काट्यांचे पांढरे व्रण. त्यानं तिला पाहिलं. छायाचं शरीर आधी मागं सरलं, मग जागेवर थांबलं.

अंकुशनं घसा साफ केला.

"पेपर किती वाजता सुटते मॅडम?"

"एक वाजता. मग मधे सुट्टी आहे, आणि दुसरा पेपर."

"डबा देता येईन?"

"सुट्टीत द्या. पोरं बाहेर येतात."

त्यानं मान डोलावली. आवारातल्या लिंबाखाली जाऊन बसला, डबा मांडीवर ठेवला. छाया पुन्हा वर्गात गेली. एका पोराच्या हातून पाण्याचा पेला सांडला होता, कागद भिजत होता, आणि तो रडायच्या बेतात होता. तिनं कमरेला खोचलेला रुमाल काढला आणि त्याच्या कागदावरचं पाणी हलक्या हातानं टिपायला लागली.